तुकोबांचे पूर्वजन्म : प्रल्हाद, अंगद, उद्धव, नामदेव. मग त्यांचे स्वतःचे कष्ट कुठे गेले?

मृद्गंध
यंदा तुकाराम बीजेच्या सप्त्याला गावी होतो. जुन्नर तालुक्यातलं आमचं लहानसं गाव. काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनात बुवांनी सांगितलं की तुकोबारायांचा तो काही पहिला जन्म नव्हता. कृतयुगात ते प्रल्हाद होते, त्रेतात अंगद, द्वापारात उद्धव, आणि कलियुगात आधी नामदेव, मग तुकाराम. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे आजोबा ओसरीवर बसून हीच नावं बोटांच्या पेरांवर मोजायचे.

परतताना अंधारात बॅटरीच्या उजेडात चाललो होतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिनं विचारलं, "बाबा, मग तुकोबांना सगळं आधीच येत होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. इथं जाणकार आहेत म्हणून विचारतो. ही परंपरा तुकोबांच्या स्वतःच्या शब्दांत आहे का? आणि समजा ते खरोखर प्रल्हादापासूनचे भक्त असतील, तर त्यांची क्षमा, त्यांचं वैराग्य हे त्यांनी कमावलेलं म्हणायचं की बरोबर आणलेलं?

एक विनंती. वैकुंठगमन कसं झालं यावर कृपया इथं वाद नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि त्यांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

टाळकरी
राम कृष्ण हरी माऊली. छान धागा.
आमच्या दिंडीत वडीलधारे हे फार सोपं करून सांगायचे. प्रल्हादाचा गुण म्हणजे न भिणं. बाप राजा, समोर खांब तापवलेला, तरी तोंडातलं नाम सुटलं नाही. अंगदाचा गुण म्हणजे रोवलेला पाय. रावणाच्या भरल्या सभेत पाय रोवला तो कुणाला हलवता आला नाही. उद्धवाचा गुण म्हणजे शिकवायला गेला आणि शिकून आला. गोपींना ज्ञान सांगायला कृष्णानं पाठवला आणि तिथं त्यांचं प्रेम बघून स्वतःच विरघळला. नामदेवरायांचा गुण म्हणजे लेकराची सलगी, कुत्र्यानं भाकरी पळवली तर मागं तुपाची वाटी घेऊन धावणारे ते. आणि हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर तुकोबा. एवढंच आम्हाला माहीत. पुरावा मागाल तर माझ्याकडं नाही.

वैशाखवणवा
मृद्गंध, तुमच्या मुलीनं जे विचारलं ते भल्याभल्यांना सुचत नाही. आणि त्याचं उत्तर खुद्द तुकोबांनी देऊन ठेवलंय.

'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा अभंग काढा. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी आपली सगळी हकीकत त्यात सांगितली आहे, तीही संकोचत. त्यात प्रल्हाद नाही, अंगद नाही. आहे तो दुष्काळ. 1630 च्या आसपास दख्खनला जो दुष्काळ पडला त्यात दुकान बसलं, पैसा गेला, पत गेली आणि 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. ही पहिली बायको, रखमाबाई. त्यांचा मुलगा संतू, तोही गेला. घरातली माणसं एकामागून एक गेल्यावर हा माणूस उठतो आणि काय करतो? पडकं देऊळ दुरुस्त करतो. मग एकादशीला कीर्तन करू लागतो. आणि इथं एक ओळ आहे, ती तुमच्या मुलीला वाचून दाखवा : 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'.

आधी चित्त अभ्यासात नव्हतं. कोण सांगतंय? ज्याच्या नावावर आपण चार युगांचा अभ्यास लावतो तो!

पुढे म्हणतात, संतांची काही वचनं पाठ केली, विश्वासानं, आदरानं. पुढे गाणारे गात, त्यांच्या मागं उभं राहून धृपद धरलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर मागच्या रांगेतला टाळकरी. तिथून सुरुवात झाली. माझी तक्रार एवढीच आहे की पूर्वजन्म लावला की हे सगळं झाकलं जातं. वाण्याच्या दुकानातला एक कर्जबाजारी माणूस स्वतःला कसा घडवतो ही गोष्ट आपल्या मुलांना हवी आहे. 'ते मुळातच अवतार होते' म्हटलं की मुलं हात जोडतात आणि पुस्तक मिटतात.

शेंगदाणा
वैशाखवणवा यांना +1. 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं' हे आमच्या दहावीच्या वर्गात भिंतीवर लावतो. मुलांना धीर येईल.

गुरुजी_निवृत्त
शेंगदाणा, जरूर लावा, फक्त अभंगातली पुढची ओळही लावा, नाहीतर मुलं तेवढंच कारण पुढं करतील! :)

आता थोडं शास्त्राकडून. पूर्वजन्मीचा अभ्यास पुढच्या जन्मी कामी येतो हे गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, योगभ्रष्टाच्या, म्हणजे साधना अर्ध्यावर राहिलेल्याच्या, प्रकरणात. ज्ञानेश्वरीत त्यावर जी ओवी आहे ती मला अतिशय प्रिय आहे : 'दशेची वाट न पाहतां । वयसेचिया गांवा न येतां । बाळपणींच सर्वज्ञता । वरी तयातें.' वयाच्या गावाला पोचायच्या आधीच सर्वज्ञता येऊन माळ घालते. ही ओवी वाचताना ज्ञानोबा स्वतःविषयीच बोलतायत असं वाटतं. इतक्या कोवळ्या वयात ज्ञानेश्वरी सांगणारा दुसरा कोण?

तुकोबांचं तसं नाही. त्यांचं सगळं वयाच्या गावाला पोचल्यावर, तिथं ठेच लागल्यावर झालेलं आहे. संसार, सावकारी, दोन बायका, मुलं, दिवाळं, मग भंडारा डोंगर. म्हणून दोघांना एकच माप लावू नये. पण म्हणून परंपरा खोटी, इथपर्यंत मी जाणार नाही.

माईंची_लेक
माझी आई आयुष्यभर कीर्तनं करत हिंडली, त्यामुळे नामदेव आणि तुकोबा हे आमच्या घरी नात्यातल्या माणसांसारखे. परंपरेचं मूळ जिथं धरतात तो अभंग सांगते.

'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां.' नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि काम सांगितलं, कवित्व कर म्हणून. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, तो अपुरा राहिला. शेवटची ओळ आहे : 'प्रमाणाची संख्या सांगे शत कोटी । उरले शेवटीं लावी तुका.' उरलेलं तू पुरं कर.

आता बघा. इथं जागं करणारा वेगळा आहे आणि जागा होणारा वेगळा. एकच जीव असता तर कोण कुणाला हाक मारणार? तुकोबा 'मीच नामदेव' म्हणत नाहीत. एका शिंप्यानं एका वाण्याला उरलेलं काम सोपवलं, आणि मध्ये साक्षीला विठ्ठल उभा. त्या अभंगात 'माप' हा शब्दही येतो, आणि त्यावर विठ्ठल थापट मारून सावध करतो! दुकानात धान्य मोजलेल्या माणसाच्याच स्वप्नात देव असा मापाजवळ उभा राहील. आई हा अभंग लावायची तेव्हा 'थापटोनि' या शब्दाला पखवाजवाला हलकीच थाप द्यायचा आणि समोरच्या बायका डोळे पुसायच्या.

भीमातीर
पंढरपूरहून लिहितोय. माईंची_लेक यांचं वाचून अंगावर काटा आला. रोज महाद्वारातून जाताना नामदेव पायरी लागते, तिच्यावर पाय न ठेवता ओलांडून जायची आमची सवय. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवरायांनी पायरी व्हायचं मागून घेतलं. असा माणूस पुढच्या जन्मी मोठेपण कशाला मागेल?

शतकोटीचं म्हणाल तर शब्दशः मोजू नये. सरकारनं छापलेल्या गाथेत तुकोबांचे 4,607 अभंग आहेत. नामदेवांची तर 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे. पंढरीचा माणूस तिकडं जाऊन बसला. हिशेब महाराष्ट्रातच संपत नाही.

शेंगदाणा
शतकोटीत 4,607 वजा केले तर बाकी किती उरतात ते बघून मी गप्प बसलो. कुणातरी मागून येणाऱ्यांवर बरंच काम आहे म्हणायचं.

माईंची_लेक
शेंगदाणा, हसता हसता खरं बोललात. वारकरी हेच मानतात. पुढचं आपण गाऊन पुरं करायचं.

न्यू_जर्सीची_नमू
जरा अवांतर होईल, माफ करा. इकडे आमच्या भागात मागचे जन्म दाखवणारी शिबिरं चालतात. डोळे मिटून झोपवतात आणि मग माणूस सांगतो की मी अमुक होते. माझी एक मैत्रीण गेली होती, ती परत आली ती 'मी इजिप्तची राजकन्या होते' हे घेऊन. तिला खूप बरं वाटत होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. पण मनात आलं की आपल्याकडे पूर्वजन्म सांगतात ते कशासाठी, आणि हे कशासाठी? आपल्या संतांपैकी कुणी स्वतःचे जन्म स्वतः सांगितले आहेत का?

माईंची_लेक
नमू, अवांतर नाहीच. सांगितले आहेत, आणि तेही तुकोबांच्याच शिष्येनं. बहिणाबाई शिऊरकर. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, गल्लत नको.)

या 1628 च्या. वेरूळजवळच्या देवगावच्या. ब्राह्मण घर, नवरा वयानं कितीतरी मोठा आणि तापट. कोल्हापुरात असताना जयराम स्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानावर पडले आणि भेटीचा ध्यास लागला. भेट झाली ती स्वप्नात. तुकोबांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. पुढे देहूला येऊन त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शूद्राला गुरू केला म्हणून घरात आणि गावात काय सोसलं असेल त्याची कल्पना करा.

त्यांनी अखेरच्या दिवसांत मुलाला, विठोबाला, आपले मागचे बारा जन्म अभंगांत सांगितले. हा तेरावा. मला त्यात सर्वांत काय भावतं सांगू? ऐकायला कोण आहे? मुलगा. समोर शिबिर नाही, सभा नाही. मरणाच्या अंथरुणाशी आई मुलाला सांगतेय की बाळा, मी कुठून कशी चालत आले. तुमच्या मैत्रिणीला राजकन्या होऊन मोठं वाटलं. बहिणाबाईंना सांगायचं होतं की एवढी वाट तुडवली तेव्हा तुकोबांच्या दारापर्यंत पोचले.

न्यू_जर्सीची_नमू
वाचून रडू आलं. धन्यवाद ताई.

वैशाखवणवा
बहिणाबाईंचं मान्य. ते त्यांनी स्वतः सांगितलंय, स्वतःच्या शब्दांत, त्याचा मान ठेवलाच पाहिजे. माझा आक्षेप दुसऱ्यांनी लावलेल्या जन्मांना आहे. तुकोबांचं चरित्र महिपतींनी सविस्तर लिहिलं ते अठराव्या शतकात, तुकोबांनंतर शंभरावर वर्षांनी. तोपर्यंत लोकांच्या मनात त्यांची जागा देवाशेजारी होती. मग तिथून मागं मागं जात प्रल्हाद लागतो.

आणि तेरा दिवसांचं काय? रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. हा माणूस तेरा दिवस शिळेवर अन्नपाण्याविना पडून राहिला. ज्याला आपण प्रल्हाद आहोत हे ठाऊक आहे तो असा तळमळेल? ती तळमळ खरी होती म्हणून त्या वह्यांना किंमत आहे. अवतार म्हटलं की ते तेरा दिवस नाटक ठरतात. मला ते सहन होत नाही.

टाळकरी
वैशाखवणवा दादा, तुमचा राग कळतो. तुकोबांवरच्या प्रेमापोटी आहे. पण एक ऐका.

माझा बाप दुसऱ्याच्या शेतात सालानं राबला. शिक्षण नाही. पहाटे उठून मारुतीचं देऊळ झाडायचा, मग कामाला. त्याला कुणी विचारलं की फुकटात झाडतोस कशाला, तर तो एकच अभंग म्हणायचा : 'आम्ही वैकुंठवासी । आलों याचि कारणासी.' हा अभंग तुकोबांचाच आहे, दुसऱ्या कुणी लावलेला नाही. ते स्वतः म्हणतात आम्ही वैकुंठचे रहिवासी. मग आला कशाला बाबा इथं? तर पुढं म्हणतात, 'झाडूं संतांचे मारग । आडरानें भरलें जग.' झाडायला आलो! संतांनी जेवून टाकलेलं उष्टं उरलंय ते खायला आलो.

वैकुंठातून आलेला माणूस इथं येऊन हातात झाडू घेतो. त्यामुळं माझ्या बापाला वाटायचं की आपल्या हातातला झाडू काही हलका नाही. तुम्ही म्हणता अवतार म्हटलं की कष्ट झाकले जातात. आमच्याकडं उलटं झालं. कष्टाला मान आला.

वैशाखवणवा
दादा, यावर मला लगेच काही बोलता येणार नाही. विचार करतो.

एक_पैठणकर
टाळकऱ्यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा.

इतका वेळ वाचत होतो. एक गोष्ट लक्षात आली का तुमच्या? या धाग्यात सगळं स्वप्नात घडतंय. नामदेव तुकोबांच्या स्वप्नात आले. गुरू बाबाजी चैतन्य, तेही स्वप्नातच. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत भेटले, डोक्यावर हात ठेवला, 'राम कृष्ण हरी' मंत्र दिला आणि जेवायला पावशेर तूप मागितलं. तुकोबा सांगतात की ते द्यायचं राहिलं, 'पडिला विसर स्वप्नामाजी'. पुढे तुकोबा बहिणाबाईंच्या स्वप्नात गेले. त्यांचे शिष्य निळोबा, त्यांना तर तुकोबांची हयातीत भेटच नव्हती, पिंपळनेरला त्यांना दर्शन झालं ते तुकोबा वैकुंठाला गेल्यानंतर. आणि वैशाखवणवा, ज्या महिपतींचं नाव तुम्ही घेतलंत त्यांनाही तुकोबांनी स्वप्नात येऊन संतचरित्रं लिहायला सांगितलं असं ते मानत. म्हणजे ते शंभर वर्षांनी लिहीत होते हे खरं, पण त्यांच्या लेखी तुकोबा कुठं लांब गेलेलेच नव्हते.

म्हणून मला वाटतं, आपण 'जन्म' हा शब्द फार अंगाला लावून घेतोय. एकच जीव शरीरं बदलत आला की नाही, हा प्रश्न या माणसांना आपल्याइतका छळत नसावा. एकाचं राहिलेलं दुसऱ्यानं उचललं, झोपेतून उठून उचललं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रल्हादापासूनची यादी ही त्या उचलण्याची आहे. वंशावळीत रक्त असतं, इथं काम आहे.

गुरुजी_निवृत्त
पैठणकर, फार मोलाचं बोललात. त्या पावशेर तुपावर मी वर्गात अख्खा तास घेतला होता. गुरूनं एवढं मोठं देणं दिलं आणि बदल्यात मागितलं तूप, तेही पावशेर, आणि ते द्यायचं राहून गेलं याची चुटपुट माणूस जगाला सांगतो. सेवा काही घडली नाही म्हणतो. मोठेपणा लपवणारे पाहिलेत, पण आपली उधारी अशी अभंगात मांडणारा वाणीच असावा लागतो.

इंद्रायणीकाठ
मी देहूची. इतके दिवस नुसती वाचायची, आज लिहावंसं वाटलं.

वैशाखवणवा यांनी पडक्या देवळाचा उल्लेख केला. ते देऊळ घरचंच होतं. तुकोबांच्या आठ पिढ्या आधीचे विश्वंभरबुवा. ते पंढरीची वारी करत. म्हातारपणी चालवेना तेव्हा विठ्ठल-रखुमाईच देहूला आले, त्या मूर्ती त्यांना सापडल्या आणि त्यांनी घरी देऊळ बांधलं, असं आम्ही ऐकत आलो. म्हणजे तुकोबांना 'आधीचं' म्हणून जे मिळालं ते शोधायला त्रेतायुगात जायचं कारण नाही. आठ पिढ्या मागं गेलात की एक म्हातारा वारकरी आणि त्याचं देऊळ सापडतं. तुकोबांनी जे हातानं लिंपून उभं केलं ते पणजोबाच्या पणजोबाचं राहिलेलं काम.

आणि बीज. तुमच्यापैकी कुणी आलं नसेल तर एकदा याच. गोपाळपुऱ्यात नांदुरकीचं झाड आहे. सकाळपासून माणूस दाटलेला असतो, ऊन डोक्यावर, पायाखाली माती तापलेली. बाराच्या सुमाराला कीर्तन वैकुंठगमनाच्या अभंगावर येतं. 'आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा रामराम घ्यावा.' आणि मग हजारो डोळे एकदम वर, झाडाच्या शेंड्याकडं. त्या क्षणी झाड हलतं म्हणतात. बुक्का उडतो, तुळशी उडतात, शेजारची अनोळखी बाई तुमचा हात घट्ट धरते. मी लहान असताना आजीनं मला खांद्यावर घेतलं होतं आणि ती विचारत होती, "दिसलं का गं? हललं का?" तिला स्वतःला मोतीबिंदू होता, दिसत नव्हतं. मी म्हणाले, "हललं." मला पानं हललेली दिसली होती. वाऱ्यानं की कशानं, ते मी त्या दिवशीही विचारलं नाही, आजही विचारत नाही.

त्या गर्दीत मला कायम जिजाई आठवते, तुकोबांची दुसरी बायको. तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती. त्या पोटातला नारायण, त्यानंच पुढे 1685 ला पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली. बापाला न पाहिलेलं पोर. त्याच्याही वाट्याला राहिलेलं कामच आलं.

भीमातीर
ताई, दंडवत. पुढच्या बीजेला नक्की.

शेंगदाणा
एक शंका. प्रल्हाद, उद्धव, नामदेव समजले. पण अंगद का? तो तर लढवय्या. मागं कुणीतरी रोवलेल्या पायाचं सांगितलं, पण तुकोबांनी कुठं पाय रोवला?

टाळकरी
शेंगदाणा, मंबाजीची गोष्ट आठवा. त्यानं काट्यांच्या फोकानं तुकोबांना मारलं. संध्याकाळी कीर्तनाची वेळ झाली आणि रोज येणारा मंबाजी दिसेना, तर तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले. मारून मारून हात दुखत असतील म्हणून त्याचे हात रगडले आणि कीर्तनाला घेऊन आले. आपण आपल्या जागेवरून न हलणं याला आमच्याकडं अंगदाचा पाय म्हणतात. रावणाच्या सभेत जोर लावून रोवला, इथं क्षमेनं रोवला.

वैशाखवणवा
चार दिवस विचार केला. दोन गोष्टी मान्य करतो आणि एक नाही.

टाळकरी दादांच्या वडिलांसमोर माझा युक्तिवाद तोकडा पडतो. मी पुस्तकातून बोलत होतो. पूर्वजन्माच्या श्रद्धेनं एखाद्याचं पुस्तक मिटत असेल तशी एखाद्याची पाठ ताठ होते, हे मी धरलं नव्हतं. आणि पैठणकर म्हणाले ते 'राहिलेलं काम' मला पटलं. तशी यादी असेल तर मीही ती म्हणेन.

मान्य नाही ते हे की तुकोबांना जन्मतःच काही ठाऊक होतं. सावकारीची कर्जखतं धाकट्या भावाबरोबर, कान्होबाबरोबर, निम्मी निम्मी वाटून आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली तेव्हा त्यांचा हात थरथरला असेल असंच मी मानणार. लोकांकडून येणं असलेला पैसा होता तो, आणि घरात उपास होता. न थरथरता केलं असेल तर त्यात माझ्यासारख्यासाठी काय आहे?

माईंची_लेक
वैशाखवणवा, माझी आई तुमच्या बाजूनं उभी राहिली असती. ती कीर्तनात म्हणायची की उद्धवानंसुद्धा शेवटी मागितलं काय, तर वृंदावनातलं गवत व्हायचं, वेल व्हायचं, गोपींच्या पायाची धूळ अंगावर पडावी म्हणून. आणि तुकोबांनी मागितलं लहानपण, मुंगीचं. ज्यांना मोठेपण आधीच मिळालेलं असतं ते असं मागत नाहीत हो. मोठेपणाची भीती वाटलेली माणसं असं मागतात.

मृद्गंध
सगळ्यांना मनापासून नमस्कार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. टाळकरी, पैठणकर, इंद्रायणीकाठ यांचे प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचले.

मुलीला काय सांगितलं ते सांगतो. वैशाखवणवा यांनी दिलेली ओळ आधी वाचली. 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.' तिला सांगितलं, येत नव्हतं गं, मागं उभं राहून शिकले. मग तिनं विचारलं, "आणि आता परत आलेत का ते?" तेव्हा मला 'हेंचि दान देगा देवा' आठवला. रोज म्हणतो आपण, पण शेवटच्या ओळीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. 'तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हांसी.' मुक्ती नको, संतांची संगत दे, मग खुशाल पुन्हा जन्माला घाल. सगळं जग जन्म चुकवायला बघतं आणि हे मागून घेतायत! मागच्या जन्मांविषयी मी धागा काढला आणि तुकोबा पुढच्याविषयी बोलून गेले. मी तिला एवढंच म्हणालो की त्यांनी यायचं कबूल केलंय.

काल आमच्या इथल्या देवळात हरिपाठाला तिला नेलं. सगळ्यांत मागं, टाळ घेऊन. अर्ध्यात तिची ओळ चुकली आणि ती थांबली. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागं वळले, टाळ न थांबवता तिच्याकडं बघत ती ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उचलली. तिनं मग धरली.

टाळकरी
राम कृष्ण हरी माऊली. त्या आजोबांना आमचा दंडवत सांगा.

शेंगदाणा
मृद्गंध, पुढच्या वर्षी बीजेला देहूला यायचं ठरवताय का? भीमातीर येतायत, मीही दहावीची पाच-सहा मुलं घेऊन येतो. इंद्रायणीकाठ ताई, सकाळी किती वाजता पोचलं तर झाडाजवळ जागा मिळेल?

इंद्रायणीकाठ
आदल्या रात्रीच या. घर मोठं आहे. पांघरुणं तेवढी आपापली आणा.